इस्तारीकाकाजींचा अंगठा

जाळं हातानं फेकतात असं काठावरून बघणाऱ्याला वाटतं. आमच्या गावच्या इस्तारीकाकाजींना विचाराल तर ते सांगतील, हात फक्त सोडायचं काम करतात, फेकतो तो डाव्या पायाचा अंगठा. गुडघाभर पाण्यात उभं राहायचं, जाळ्याची एक कड दातांत धरायची, बाकीचं जाळं दोन्ही हातांवर घ्यायचं, अंगठा गाळात रुतवायचा आणि सगळं अंग त्यावर भोवऱ्यासारखं फिरवायचं. अंगठ्यानं साथ दिली तर जाळं हवेत पुरतं उघडतं आणि पाण्यावर गोल पडतं. नाही दिली तर गोळा होऊन पडतं, आणि मग पाळीवरची, म्हणजे तलावाच्या बांधावरची, माणसं वर्षभर विचारत राहतात, "काकाजी, ते जाळं होतं का लुगडं?"

काकाजींवर ही वेळ कधी आली नव्हती. मूल आणि चामोर्शी या तालुक्याच्या गावांच्या मधल्या आमच्या गावाला मोठा तलाव आहे. होळीच्या आधी पाणी उतरलं की मासेमारी संस्था त्यातली मासोळी काढायला घेते. पहिलं जाळं एकाच माणसानं टाकायचं आणि ते गोल पडल्यावरच बाकीच्यांनी पाण्यात उतरायचं, असा रिवाज. हा मान आधी काकाजींच्या सासऱ्यांकडे होता. सासऱ्यांनी तो जावयाला दिला, कारण त्यांचा स्वतःचा मुलगा देवानंद तेव्हा चड्डीत होता. आता देवानंद संस्थेचा सचिव आहे, चष्मा लावतो, आणि दर वर्षी भाऊजींचं जाळं गोल पडलं की सगळ्यांच्या आधी टाळ्या वाजवतो. त्या टाळ्या किती मनापासून असतात ते त्याची बहीण, म्हणजे काकाजींची बायको, आमच्या गोकुळाकाकू, एका नजरेत ओळखतात.

काकाजींचा स्वभाव सांगायचा तर ते खोटं बोलत नाहीत, खरं अर्धंच सांगतात. एकदा ओल्या पोत्यात जिवंत मरळ घेऊन ते एसटीत बसले. कंडक्टरनं विचारलं, पोत्यात काय आहे. काकाजी म्हणाले, "पाहुण्यायसाठी जेवण हाये, बाप्पा." पुढच्या थांब्याला जेवणानं उडी मारली आणि एका मास्तरांच्या मांडीवर जाऊन पडलं. मास्तर सीटवर चढले. काकाजी शांतपणे म्हणाले, "पाहुण्यायचं जेवण उतरून ऱ्हायलं वाटते."

तर या माणसाचा अंगठा दिवाळीनंतर सुजला. लालभडक, तापलेला. अंगावरचं पांघरूण त्याला लागलं तरी काकाजी ओरडत. मांजर पायाजवळून गेलं तरी घाबरत. गोकुळाकाकूंनी त्यांना ऑटोत घालून मूलला डॉक्टरांकडे नेलं. मी मूलच्याच एका लॅबमध्ये तंत्रज्ञ आहे, रक्त माझ्याकडेच तपासायला आलं. युरिक अ‍ॅसिड सातच्या आत हवं, ते नऊच्या वर निघालं. मी आकडा दोनदा तपासला आणि रिपोर्ट डॉक्टरांकडे पाठवला.

डॉक्टरांनी काकाजींना नीट समजावून सांगितलं. तुमच्या रक्तात युरिक वाढलंय, ते सांध्यात जाऊन साचतं, त्याचे बारीक पांढरे दाणे होतात आणि मग सांधा जळाल्यासारखा होतो. सूज उतरेपर्यंत दुखण्याच्या गोळ्या घ्या, सूज उतरली की युरिक कमी करायची गोळी सुरू करा, ती मात्र रोज घ्यावी लागेल.

काकाजींनी सगळं ऐकलं. फक्त एक अक्षर वेगळं ऐकलं.

पंधरवड्यानंतर रविवारी मी त्यांच्याकडे गेले. काकाजी ओट्यावर पाय लांब करून बसले होते. समोर ताटात झिंग्यांचा रस्सा, बाजूला तळलेल्या रोहूचे दोन तुकडे. भाताचं नाव नाही. नव्या धानाच्या दिवसांत आमच्याकडे ताटात भात नाही म्हणजे घरात काहीतरी बिनसलेलं असतं.

"काकाजी, भात कुठं गेला?"

"सोडला."

"काऊन?"

"तुह्याच लॅबनं तं सांगतलं. रक्तात युरिया वाढला म्हणून."

मला आधी कळलंच नाही. मग कळलं, मी पाठवलेलं युरिक त्यांच्या कानात युरिया झालं होतं.

काकाजी समजावू लागले. त्यांचं म्हणणं पक्कं होतं. "पाह्य आचल, धानाले कोण युरिया टाकते? आपणच टाकतो. दाणे कसे असते? बारीक, पांढरे. जास्त झाला तं रोप काय होते? जळते. आंगठा पाह्य माहा, जळून ऱ्हायला का नाई? डॉक्टर बरोब्बर बोलला. जनमभर जो युरिया धानाले टाकला तो भातातून माह्या पायात उतरला."

"आणि हे झिंगे?"

"तलावातल्या जिवाले कोण खत टाकते? म्हणून भाताच्या जागी झिंगे चालू केले. तुही काकू दोन्ही टाइम करते."

गोकुळाकाकू आतून म्हणाल्या, "त्याले सांग वो काही. नवा तांदूळ पोत्यात पडून हाये आणि हा माणूस झिंगे खाऊन ऱ्हायला. अन् आता दुसराही आंगठा लाल झाला."

झिंगे, सुकी मासोळी, मोहाची दारू, या तिन्हींनी युरिक वाढतं. भातानं फारसं काही होत नाही. म्हणजे काकाजींनी बरोबर उलटं पथ्य धरलं होतं, आणि तेही मनापासून. मी युरिक आणि युरिया यांतला फरक सांगितला. लॅबमध्ये युरियाचीही एक वेगळी तपासणी असते हे मी नेमकं त्याच वेळी बोलून गेले, आणि तिथं माझा पराभव झाला.

"म्हणजे रक्तात युरिया असते," काकाजी म्हणाले. "आता तूच म्हणली."

गोळीबद्दल तर बोलायलाच नको. दुखण्याच्या गोळ्या त्यांनी घेतल्या, कारण त्या चार दिवसांच्या होत्या. रोजची गोळी मात्र नको. "रोज गोळी खाणारा माणूस पहिलं जाळं टाकते का? देवानंद खाते पाह्य गोळी. सचिव हाये तो. त्याले शोभते."

ही गोष्ट खरी होती. देवानंदलाही हाच आजार होता, तो मुकाट्यानं रोज गोळी घेत होता आणि नीट चालत होता. काकाजींचा जाळ्याचा दिवस जवळ येत होता, आणि त्यांनी त्या दिवशी अंगठा टेकला नाही तर जाळं कोणाकडे जाणार हे गावाला माहीत होतं. देवानंद रोज संध्याकाळी येऊन पाय कसा आहे विचारू लागला होता. काकाजी त्याच्या समोर दोन्ही पाय टेकवून बसत, आणि तो गेला की रडवेले होत.

मग दसरूबाबा आले. दसरूबाबा जंगलातून झाडपाला आणतात, बाजाराच्या दिवशी विकतात. काकाजींनी मोबाइलवर कोणाचा तरी व्हिडिओ पाहिला होता, कळलावीचा कंद या दुखण्यावर अक्सीर म्हणून. तो आणून द्या म्हणून त्यांनी बाबांना गळ घातली.

"कायले मरायची घाई करतं?" दसरूबाबा म्हणाले. "विष हाये ते. मी गायीलेही हुंगू देत नाई."

मी नंतर वाचलं तेव्हा गंमत वाटली. या दुखण्यावर डॉक्टर जे एक जुनं औषध देतात, कोल्चिसिन, ते कळलावीच्या कंदात खरंच असतं. व्हिडिओवाला निम्मा खरा होता. पण गोळीत ते मोजून मिलिग्रॅमपेक्षाही कमी असतं. कंदात किती आहे ते कोणालाच सांगता येत नाही, आणि जरा जास्त झालं तर माणूस वाचत नाही. अर्धं खरं सांगण्यात काकाजींचा हात धरणारा कोणी असेल तर तो व्हिडिओवाला.

दसरूबाबांनी कळलावीऐवजी गुळवेल दिली, कडुनिंबावर चढलेली. बोटाएवढी कांडी ठेचून पाण्यात उकळायची, पाणी निम्मं राहिलं की गाळून प्यायचं. काकाजींना ते पटलं. वेल आहे, जंगलात आपोआप येते, तिला कोणी खत टाकत नाही.

मलाही पटलं, पण माझी कारणं वेगळी होती. आयुर्वेदात या दुखण्याला वातरक्त म्हणतात आणि त्यावर गुळवेल सांगितली आहे. मी आठवडाभर मोबाइलवर शोधनिबंध वाचत बसले. काचेच्या नळीत गुळवेलीच्या अर्कानं युरिक बनवणाऱ्या द्रव्याचा वेग कमी झालेला दिसला होता. उंदरांवर प्रयोग झाले होते. माणसांवर झालेले प्रयोग छोटे होते, काहींत गुळवेलीबरोबर आणखी चार औषधं दिलेली, त्यामुळे गुण कोणाचा ते कळत नव्हतं. उलट काही लोकांचं लिव्हर बिघडल्याच्या नोंदीही होत्या. थोडक्यात, शक्यता होती, पुरावा नव्हता. मला वाटलं, पुरावा आपणच का करू नये? काकाजींचं युरिक मला माहीत होतं, काढा मला माहीत होता, लॅब होती. लिव्हरवरही लक्ष ठेवता आलं असतं. माझ्या डोक्यात तर निबंधाचं शीर्षकसुद्धा तयार झालं.

फक्त झिंगे बंद व्हायला हवे होते. ते समजावून बंद होणार नव्हते. मग मला देवानंदची आणि त्याच्या संस्थेची आठवण झाली.

"काकाजी," मी म्हटलं, "पावसाळ्यात संस्थेनं तलावात काय टाकलं हो?"

"शेणखत."

"आणि?"

काकाजींनी हातातला घास ताटात परत ठेवला. तलावात मासोळीसाठी शेवाळ, बारीक जीव वाढावेत म्हणून शेणखताबरोबर युरियाही टाकतात. पोती त्यांनी स्वतः पाठीवर वाहून नेली होती, देवानंद पाळीवर छत्री घेऊन उभा होता.

"माह्या हातानं टाकला," काकाजी हळूच म्हणाले. ताटातल्या झिंग्यांकडे त्यांनी जसं पाहिलं तसं माणूस फसवणाऱ्या नातेवाइकाकडे पाहतो. "गोकुळे, हे घेऊन जाय."

"अन् मोहाची?" काकूंनी आतून विचारलं. मी काकूंकडे पाहिलं. त्या गंभीर चेहऱ्यानं म्हणाल्या, "गाळणारा लवकर सडवायले काय टाकते माहीत हाये ना? नवसागर टाकते, अन् तो नाई भेटला तं युरिया."

ते खरंच तसं करतात. काकाजींनी डोळे मिटून घेतले. एका दुपारी भातामागोमाग मासोळी आणि मोहही त्यांच्या आयुष्यातून गेले. भात मी परत मिळवून दिला. पाण्यात धुवून, पेज काढून शिजवला की युरिया निघून जातो, असं मी म्हटलं. खोटं म्हणाल तर म्हणा. काकाजींनी त्यावर स्वतःची भर घातली. बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, युरिया जास्त झाला तर पाणी सोडून देतात, मग शरीरातही तसंच. ते दिवसभर तांब्यावर तांब्या पाणी पिऊ लागले. या दुखण्याला भरपूर पाणी प्यावं असं डॉक्टरही सांगतात, पण त्यांच्या सांगण्यानं कोणी एवढं पीत नाही.

काढा मात्र ते रोज सकाळी नाक दाबून पीत. इतका कडू की पहिल्या दिवशी त्यांनी कोंबड्यांना शिव्या दिल्या. पण महिन्याभरात सूज उतरली. मग डावा अंगठा जमिनीवर टेकला. मग एक दिवस काकाजी अंगणात दातांत टॉवेल धरून गोल फिरताना दिसले. मला पाहून थांबले. "माश्या हाकलून ऱ्हायलो," म्हणाले.

जाळ्याच्या दिवसाच्या आठवडाभर आधी मी त्यांचं रक्त घेतलं. युरिक सहाच्या खाली. लिव्हरही ठीक. मी लॅबमध्येच टाळी वाजवली. झिंगे सोडून, पाणी पिऊन थोडं उतरतं, पण इतकं नाही. राहिलेला गुण गुळवेलीचाच. संध्याकाळी धावत जाऊन मी हे काकूंना सांगितलं. आता हे छापून यायला हवं असंही सांगितलं.

काकू चुलीपुढं बसल्या होत्या. त्यांनी आधी दाराकडे पाहिलं, काकाजी अंगणात देवानंदशी बोलत होते. मग मिठाच्या बरणीमागून हात घालून गोळ्यांची रिकामी पाकिटं काढली आणि माझ्यापुढं ठेवली.

"हे काय?"

"डॉक्टरनं देल्ली तेच. सूज उतरली तईपासून. खलबत्त्यात कुटतो अन् काढ्यात टाकतो."

मी एक पाकीट उलटून नाव वाचलं.

"मी विचारून आली ना. डॉक्टर म्हणले, काढ्यात टाकली तरी चालते, फक्त रक्त तपासत राहा. तपासून तं तूच ऱ्हायली."

"काकू, मग माझा प्रयोग?"

"तुहा प्रयोग होत ऱ्हायन," काकू म्हणाल्या. "माह्याजवळ नवरा एकच हाये."

माझा निबंध तिथंच मिठाच्या बरणीमागं गेला. गुळवेलीनं काही केलं असेल, नसेलही. त्या काढ्यात आता इतकी माणसं आणि औषधं मिसळली होती की कोणाला किती श्रेय द्यायचं ते कुठल्याच लॅबला सांगता आलं नसतं. काकूंनी मला एकच अट घातली. "जाळं पडेपर्यंत बोलायचं नाई. गोळी घेऊन ऱ्हायलो हे त्याले समजलं तं अंगठा चांगला असून तो जाळं टाकणार नाई. रोज गोळी खाणारा जाळं टाकत नाई म्हणून बोलून बसला ना तो."

तलावाच्या दिवशी सकाळी सगळं गाव पाळीवर होतं. काकाजींनी जाळं झटकून हातांवर घेतलं, धोतर खोचलं आणि पाण्यात उतरण्याआधी पाळीकडे वळले. बोलल्याशिवाय त्यांना राहवेना.

"कोणी म्हणत होते, यंदा इस्तारीचं जाळं काठावरच राह्यते. नाव नाई घेत. चष्मा हाये त्याले."

लोक हसले. देवानंदही हसला.

"पाय कशानं बरा झाला? गुळवेलीनं. गोळी नाई, काही नाई. गोळी सचिवानं खाव."

असं म्हणून ते पाण्यात उतरले. देवानंद माझ्या आणि काकूंच्या मधे उभा होता. हसू ओसरलं तसा तो हळू आवाजात म्हणाला, "ताई, मी आठ दिवस झाले गोळी सोडली. भाऊजीनं मले काढा सांगतला. कालपासून आंगठा थोडा ठणकून ऱ्हायला, पण भाऊजी म्हणते, आधी ठणकते मग उतरते."

काकूंचा चेहरा पालटला. पाण्यात काकाजींनी जाळ्याची कड दातांत धरली होती, अंगठा गाळात रुतवला होता. आणखी दोन क्षण थांबल्या असत्या तर जाळं पडलं असतं. पण काकूंचा एकच भाऊ आहे.

"देवा," त्या म्हणाल्या. त्यांना हळू बोलता येत नाही, तलावाकाठी वाढलेल्या बाईला कुठून येणार. "आजच गोळी चालू कर. याच्या काढ्यात मी रोज गोळी कुटून टाकतो."

ते पाण्यातही ऐकू गेलं. काकाजींची मान वळली. डोळे मोठे झाले. त्यांना बोलायचं होतं, खूप काही बोलायचं होतं, पण दातांत जाळं होतं. तोंड उघडलं की कड सुटणार, कड सुटली की जाळं पायाशी पडणार, आणि सगळं गाव बघत होतं. ते तसेच उभे राहिले, "ऊं, ऊं" करत. काकूंनी पदर डोक्यावर नीट केला आणि त्यांच्या डोळ्याला डोळा भिडवला.

"बोलायचं असंन तं बोल," त्या म्हणाल्या. "नाई तं टाक."

कोणीतरी मागून म्हणालं, "काकाजी, लुगडं का जाळं?"

काकाजींची मान परत पाण्याकडे वळली. खांदे आत गेले, अंग डावीकडे झुकलं आणि अंगठ्यावर फिरलं. जाळं सुटलं. ते हवेत उघडत गेलं, उघडत गेलं आणि पाण्यावर इतकं गोल पडलं की देवानंद टाळ्या वाजवायला विसरला.

बाकीचे ओरडत पाण्यात उतरले. काकाजी मात्र जाळं तसंच सोडून, ओलं धोतर सावरत सरळ काकूंसमोर येऊन उभे राहिले. मला वाटलं, आता भांडण. काकूंनाही वाटलं असावं, त्या कंबरेवर हात ठेवून तयार होत्या.

"कईपासून?" काकाजींनी विचारलं.

"सूज उतरली तईपासून."

"रोज?"

"रोज."

काकाजींनी आपला पाय उचलून अंगठा पाहिला, देवानंदकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. शेवटी अगदी दुखावलेल्या आवाजात काकूंना म्हणाले,

"मग मी दोन महिने ते कडू पाणी कायले पेलो?"

देवानंदला हसू आवरेना. काकाजींनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला, पण त्याच्याकडे बघितलं नाही. "चाल बे सचिव," म्हणाले, "घरी जाऊन आधी गोळी घे. अन् येताना माह्यीही घेऊन ये. उद्यापासून मी ते पाण्यासोबत खातो. गुळवेल दसरूच्या बकरीले देजो."